डाळफळांची रांग

मैदानातल्या सहा नव्या फूड ट्रकपैकी पाचांपुढे दुपारच्या जेवणाची झुंबड होती. डाळफळं विकणाऱ्या कुंदाताईंच्या ट्रकपुढे नुसतं ऊन. पहिलाच दिवस, आणि त्या रडकुंडीला आलेल्या.

"आपण घेऊन तीनच प्लेट खपतील. त्यापेक्षा रांग लावू," खांबेटे म्हणाले. आम्ही तिघे पेन्शनर खिडकीपुढे नुसतेच उभे राहिलो.

लगेच मागून एका तरुणाने विचारलं, "कसली रांग, काका?"

"कोण जाणे. पण हलत नाही, म्हणजे चांगलंच असणार."

तो थांबला. त्याला पाहून चौघं थांबले. दहा मिनिटांत रांग मैदानाच्या फाटकाला टेकली. ती डोळे भरून पाहायला आम्ही बाजूला झालो. परतलो तर तोच तरुण ओरडला, "काका, घुसू नका. मागे जा!"

फाटकाशी शेवटी उभं राहून उपाशी खांबेट्यांनी हात जोडले, "आपला नंबर यायच्या आत सगळं संपू दे रे देवा!"