एप्रिलमधली गोलंदाजी

जयंतने पुन्हा वाइड टाकला आणि पद्माकरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, एप्रिल आहे," बाकावर शेजारी बसलेल्या सुप्रभाबाईंना ते म्हणाले. "लेस्टरच्या गारठ्यात बोटं गोठतात, चेंडू साबणासारखा निसटतो. एप्रिलच्या गोलंदाजीवरून कोणाला नापास करू नये. जूनपर्यंत थांबावं."

म्हणाले खरे, पण त्यांच्यात स्वतः थांबायचं त्राण उरलं नव्हतं. जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल दिली आणि बायको, सुमन, गेल्यापासून त्यांचीच झोप उडाली होती. वर लेकीचा घोर. आलेलं प्रत्येक स्थळ अनुराधाने परतवलं. "मी गेले तर तुमच्याकडे कोण बघणार, बाबा?" हेच पालुपद. आपल्या पायी पोर अडकली, हे त्यांना रात्रंदिवस खात होतं.

आणि परवा तीच म्हणाली, "माझ्या ऑफिसातल्या जयंतची मॅच बघायला येता? त्याची मावशी पण ब्रिस्टलहून येतेय."

चला, एकदाचं घोडं गंगेत न्हाणार! मुलाकडचं माणूस बघायला येणार म्हणजे पोहे हवेतच. पण अनुराधाच्या अंगठ्याला नेमकी चिकटपट्टी, सुरी लागलेली. मग पोहे त्यांनीच केले. तिने इस्त्री करून ठेवलेला निळा शर्टही मुकाट्याने घातला.

चहाच्या सुट्टीत डबा उघडला. सुप्रभाबाई शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा गेल्यावर एकट्याच राहायच्या. बोलणं मोजकं, नजर मात्र चौकस.

"छान झालेत. कोणी केले?"

"अनूनेच," पद्माकरांनी रीतीप्रमाणे ठोकून दिलं.

"नाही हं, बाबांनी केलेत," अनुराधा म्हणाली.

झालं! पोरीला जरा म्हणून अक्कल नाही.

"तुम्हाला ब्लड प्रेशर वगैरे, डॉक्टर?"

"थोडंसं. पण ते वयाचं हो, घराण्यात नाही."

"आणि राग?"

बाई भाच्यासाठी सासरासुद्धा पारखून घेणार म्हणायच्या! घ्या बापड्या, लेकीच्या बापाने ऐकून घ्यायचं असतं.

"राग यायला अंगात जोर लागतो," ते खरं तेच बोलले. "दमलो आता. संध्याकाळी घरात बोलायला कोणी असलं तर बरं वाटतं, एवढंच."

सुप्रभाबाईंनी पोहे पुन्हा वाढून घेतले.

सुट्टीनंतर जयंतच्या चेंडूवर सोपा झेल सुटला. तो नुसता हसला, हात पुसून पुन्हा रनअपला गेला. पद्माकरांचं मत तिथेच पक्कं झालं.

मॅच संपल्यावर अनुराधा मावशींशी बाजूला जाऊन बोलली आणि गाडीत येऊन बसली.

"अनू, मला मुलगा पसंत आहे," ते म्हणाले. "झेल सुटला तरी चिडला नाही. असा माणूस संसार करतो. पण मावशींचं काय? माझ्या पोह्यांनी घात केला ना?"

अनुराधाने अंगठ्याची चिकटपट्टी सोलून काढली. खाली साधा ओरखडाही नव्हता.

"जयंतचं लग्न झालंय, बाबा, गेल्याच वर्षी," तिने गाडी सुरू केली. "पण सुप्रभामावशींना तुम्ही पसंत आहात."