बंद पडलेली गडवाट

"तुमच्या मिस्टरांनी अटी मान्य केल्या होत्या, मॅडम," कस्टमर केअरचा माणूस शांतपणे म्हणाला.

शर्वरीचं डोकं तापलं. हल्लीचा कन्सोल कानामागे चिकटवला की गेम थेट डोक्यात सुरू व्हायचा. आता 'गडवाट' हा गेम चालवणं परवडत नाही म्हणून कंपनीने सर्व्हर बंद केले आणि शेवटच्या अपडेटमधून खेळणाऱ्यांच्या डोक्यातली त्या गेमची आठवणही काढून घेतली. शर्वरीने ते अपडेट टाळलं होतं. तिच्या नवऱ्याने, निनादने, घेतलं होतं.

"अहो, आमची ओळखच त्या गेममध्ये झाली. लग्नाचं त्याने मला तिथेच विचारलं. ते तुमच्या मालकीचं कसं?"

"गेममध्ये घडलेलं सगळं कंपनीचंच असतं, मॅडम."

तिने फोन सोफ्यावर आपटला. समोर निनाद बसला होता. त्याला लग्न आठवत होतं, त्याआधीची शर्वरी नाही.

"तूच सांग ना, काय झालं होतं," तो म्हणाला.

ती सांगू लागली. बुरूज पडत आला होता, शत्रू पायऱ्या चढत होता, आणि निनादने मध्येच तलवार खाली ठेवून लग्नाचं विचारलं होतं.

निनाद मन लावून ऐकत होता.

"मग?" त्याने विचारलं. "ती काय म्हणाली त्याला?"