कॅरसन सिटीचा डॉलर

"कुठं मिळाला हा?" भिंगावरचा डोळा न हलवता टेगनं विचारलं. ईली गावात जुनी नाणी घेणारं दुकान त्याचं एकट्याचंच.

"वडिलांच्या डब्यात. असे एकवीस आहेत," वेंडेल म्हणाला. त्यानं डबा पुढं सरकवला.

"बाकीचे वीस चांदीच्या भावानं जातील. पण हा कॅरसन सिटीच्या टांकसाळीचा, आणि अगदी कोरा, कधी वापरात न आलेला. लाख डॉलरच्या खाली सोडू नकोस. आणि हे बघ, पुसायबिसायच्या भानगडीत पडू नकोस! हा काळपटपणा असाच राहू दे. घासलास की गेलं सगळं. मग आतल्या चांदीचे येतील तेवढेच."

वेंडेल मनात हिशोब करू लागला. वडिलांचं घर विकलं तरी सत्तर हजार, त्यातही निम्मा वाटा धाकट्या बहिणीचा, लोर्नाचा. आणि तिला तर नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

डबा त्यानं गुपचूप तिच्या कपाटात होता तिथं ठेवून दिला. उगाच संशय नको.

"लोर्ना, बाबांचं सगळं तू केलंस," संध्याकाळी तो म्हणाला. "घर तुलाच राहू दे. मला आपले ते जुने डॉलर दे, आठवण म्हणून."

"दादा, वेड लागलंय का तुला? त्यातल्या चांदीचे फार तर पाच-सहाशे येतील!"

"येईनात का. पैसा काय चाटायचाय?"

लोर्ना ढसाढसा रडली. वेंडेलला लाज वाटली खरी, पण ती जेवणापर्यंतसुद्धा टिकली नाही.

सह्या गुरुवारी व्हायच्या होत्या. तोवर त्याला चैन पडेना. तिला कुणी सांगितलं तर? तिचं मन फिरलं तर? दिवसातून तीनदा तो टेगला फोन करायचा. "गिऱ्हाईक आहे ना रे? नक्की ना?"

"आहे रे बाबा! जीव खाऊ नकोस माझा."

गुरुवारी नोटरीसमोर त्यानं घाईघाईनं सही केली. घर लोर्नाचं, डबा वेंडेलचा. शिक्का बसला आणि त्यानं चार दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

बाहेर येताच लोर्नानं त्याला घट्ट मिठी मारली आणि पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला.

"तुझे उपकार कसे फेडू रे दादा? किती काळे पडले होते, बघवेनात. काल दिवसभर बसून तारेच्या घासणीनं एकूण एक घासून काढले. उघड तरी, बघ कसे लखलखतायत!"