निळे कण

गिअरबॉक्सचं ऑईल बदलायला मेकॅनिकने खालचा बोल्ट सोडला, पण धार लागलीच नाही. घमेल्यात काळा लगदा पडला. “भुसा!” तो ट्रकखालून म्हणाला. “गिअरचे दात झिजले की खडखड दाबायला भरतात. कुणीतरी चुना लावला तुम्हाला.” ट्रक मोठ्या भावाचा, आठ लाख किलोमीटर पळवून गेल्याच आठवड्यात मला विकलेला. “लेकीसारखा सांभाळलाय, डोळे मिटून घे,” म्हणाला होता. मी सुतार, लाकूड वाहायला गाडी हवीच होती. मिटले डोळे. लगदा बोटांत चोळला. काळ्यात निळे कण चमकले. हा निळा सनमायका मी एकदाच कापला होता, दादाच्याच लेकीच्या कपाटासाठी, फुकट. तेव्हाचा भुसा त्याने स्वतः झाडून पोत्यातून नेला, “कोंबड्यांखाली अंथरायला.” फोन वाजला. दादाच. “काय रे, गाडी काय म्हणतेय?” बोटं फडक्याला पुसली. “गाडी मजेत, दादा. कोंबड्या कशा आहेत?”