नवी बाटली

सकाळी सव्वासातला, पेशंटच्या रक्ताआधी मशीन तपासायला लावलेल्या कंट्रोलची, म्हणजे ठरावीक साखरेच्या द्रावणाची, साखर १३१ आली. त्याच्या बाटलीवर मर्यादा छापली होती, ९२ ते १०८.

हेमलता मनातून सुखावली. लॅबमध्ये अठरा वर्षं तिने काढली, इन्चार्ज मात्र परवा आलेली निशिगंधा झाली. डॉक्टर तिला 'मॅडम' म्हणत. हेमलता अजून 'हेमा'च. म्हणून काल निघताना, द्रावण आटून आकडा चढावा यासाठी, तिनेच बाटलीचं झाकण उघडं ठेवलं होतं. आता मॅडम आकडा न बघता सही करणार आणि बोलणी खाणार.

"ताई, एकही रिपोर्ट बाहेर पाठवू नका," निशिगंधा म्हणाली. "बाटली बिघडली असेल." तिने फ्रीजमधून नवी बाटली काढून लावली.

१२९.

"म्हणजे मशीनच जास्त दाखवतंय! काल दुपारी कंट्रोल तुम्ही लावला होतात ना? तेव्हा बरोबर होता?"

हेमलताने वहीकडे पाहिलं. काल घाईत तिने कंट्रोल न लावताच ९९ लिहिलं होतं. त्यानंतर बावीस रिपोर्ट गेले होते.

अकरापर्यंत एकवीस पेशंटना निरोप पोचला. बाविसाव्या आजोबांचं इन्सुलिन डॉक्टरांनी रिपोर्टमधली वाढीव साखर बघून कालच वाढवलं होतं. त्यांचा फोन अजून कुणी उचललेला नाही.