मांजराच्या मापाचं

"कुत्र्याला नऊ," गंधार म्हणाला आणि त्याने कागदावर आकडा मांडला. "बाबा, कुत्रा बाद."

काशिनाथराव सोफ्याच्या कडेवर बसले होते. गंधार त्यांचा एकुलता एक मुलगा. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारीच्या कारखान्यात तयार माल तपासायचं त्याचं काम, आणि रविवारीही त्याची ती सवय सुटत नसे. वडिलांना दिवसभर सोबत म्हणून कोणता प्राणी आणावा, याचाही त्याने रीतसर तक्ता केला होता. वरच्या ओळीत कुत्रा, मांजर, मासे, लव्हबर्ड. बाजूला आवाज, केस, आजारपण, पायात येऊन पडण्याचा धोका, बाहेर न्यावं लागतं का. प्रत्येकाला पाचपैकी गुण.

"नऊच कसे?"

"बाहेर नेण्यात शून्य ना. तीनदा न्यावं लागतं दिवसातून."

"मग मी नेईन की."

"बाबा, परत तो विषय नको," ऋजुता म्हणाली. ती सून. स्वयंपाकघरात सुतार ओट्याखालचं कपाट दुरुस्त करत होता, त्याच्यावर एक डोळा ठेवून ती दारातच उभी होती.

तो विषय मार्चमधला. काशिनाथराव पेपर आणायला खाली उतरले, घराजवळच्या अड्यारच्या डेपोत सुटायच्या बेतात असलेली बस दिसली आणि चढले. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस, त्याला राहवलं नाही. कंडक्टरच्या शेजारची जागा धरून त्यांनी संध्याकाळपर्यंत चार फेऱ्या केल्या. तोवर इकडे पोलिसात वर्दी गेली होती. "हरवलो नव्हतो. गाडी जिथून सुटते तिथंच परत येते," असं ते तमिळ फौजदाराला मराठीत समजावत राहिले. दुसऱ्या दिवसापासून दोघं कामावर गेली की दाराला बाहेरून कुलूप. गंधारची कंपनीची बस पावणेसहाला, ऋजुता निघायची आठला. मग थेट संध्याकाळी सात. पोरं वाईट नव्हती. डब्यात जेवण, थर्मासमध्ये चहा, टीव्हीवर मराठी चॅनेल, सगळं जागच्या जागी असे. पण त्या कुलपाचा खटका काशिनाथरावांच्या कानात बसायचा, आणि पुढचे अकरा तास तिथंच राहायचा.

म्हणून त्यांना कुत्रा हवा होता. कुत्रा म्हणजे फिरवणं, आणि फिरवणं म्हणजे किल्ली.

"लहान जातीचा आणू. गेटपर्यंतच नेईन. तिथं वॉचमन असतोच."

"आणि त्याने ओढलं म्हणजे? भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत व्हायची," ऋजुता हसली. गंधारने पुढचे रकाने पाहिले.

"माशांना तेवीस. पहिला नंबर."

"मासे नकोत," काशिनाथराव म्हणाले. "दिवसभर मी काचेतून बाहेर बघतोय तेवढं पुरे आहे. आणखी कुणी काचेतून माझ्याकडे बघायला नको."

गंधारने माशांवर काट मारली. बापाला नाराज करायचं त्याच्याही जिवावर येई.

"मांजर बघ ना," ऋजुता म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या संयुक्ताकडे पिल्लं आहेत. मांजराचं बरं असतं. त्याचं ते जातं, त्याचं ते येतं."

काशिनाथरावांचे कान टवकारले. भरल्या गाडीत विनातिकीट माणूस बरोबर हेरणारे ते, ही संधी सोडतात होय?

"जाईल कसं? दाराला तर कुलूप असतं."

गंधारने दाराकडे पाहिलं. आतून हातोडीचे ठोके तेवढे येत राहिले.

"खरंच की रे," ऋजुता म्हणाली. "मुक्या जिवाला दिवसभर कोंडून ठेवायचं म्हणजे पापच."

"छे, तसं नाहीच ठेवता येणार," गंधार म्हणाला.

काशिनाथरावांना एकदम हलकं वाटलं. किल्लीची गोष्ट आपण काढायची नाही, त्यांच्याच तोंडून निघू द्यायची, असं ठरवून ते मार्चपासून दम धरून होते. किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवावी की करगोट्याला बांधावी, इथपर्यंत त्यांचं मन जाऊन पोचलं.

गंधार उठला. स्वयंपाकघरातून सुताराला घेऊन आला आणि तमिळमध्ये बोलत त्याने बाहेरच्या दाराच्या खालच्या फळीवर बोटांनी टकटक केलं.

"इथं चौकोन कापून घेऊ, बाबा. त्याला वरून बिजागरी आणि झुलती फळी. कुलपाचं कुलूपही राहील आणि मांजरही मोकळं." चुकलेला भाग जागेवर बसवल्यासारखा तो खूश होता. "तुम्हीच बरं लक्षात आणून दिलंत."

सुतार दारापाशी उकिडवा बसला. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि वर पाहिलं. काशिनाथराव तोवर उठून त्याच्याजवळ आले होते, म्हणून त्याने त्यांनाच विचारलं.

"एव्वळव पेरिसु, सार?"

"केवढं कापू, विचारतोय," गंधार म्हणाला.

काशिनाथरावांनी त्या फळीकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हात छातीपुढे धरून माप दाखवलं. स्वतःच्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

सुतार हसला. "पूनैया, पुलिया?"

"मांजर आहे का वाघ, म्हणतोय." गंधारलाही हसू आलं. "बाबा, पिल्लू आहे हो."

काशिनाथराव हसले नाहीत. त्यांचे हात तसेच होते. सुतार टेप उघडून थांबला. मग त्यांनी हात थोडे जवळ आणले.

"आणखी," ऋजुता म्हणाली.

त्यांनी आणखी जवळ आणले. मधे वीतभर जागा उरली, तेव्हा सुताराने तिथं टेप धरली.