रालित्साची अंत्ययात्रा

चौकातल्या लिंडनच्या झाडावर रालित्साने स्वतःच्या निधनाचे पत्रक चिकटवले आणि फोटो सरळ बसला आहे ना, हे दोन पावले मागे जाऊन पाहिले. पहाट होती. गाव अजून उठले नव्हते.

"फोटोत फार गंभीर दिसतेस," छायाचित्रकार त्सांको खळीचा डबा सांभाळत म्हणाला. "मेलेल्या माणसाने जरा हसावं."

"बसथांबा राहिलाय. चल."

पत्रकातला मजकूर मोजका होता. तीन चित्रपटांची दिग्दर्शिका, अपघाती निधन, शनिवारी सकाळी गावच्या दफनभूमीत अंत्यसंस्कार. मजकूर जुळवताना त्सांकोने विचारले होते, "चार चित्रपट लिहू का?"

"चौथा अजून पुरा कुठे झालाय?"

चौथा पुरा होण्यासाठी एकच दृश्य उरले होते: अख्खे गाव जमलेली अंत्ययात्रा. पहिल्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले होते, दुसरा एका आठवड्यात उतरला होता, तिसऱ्यासाठी तिने सोफियातले राहते घर विकले होते. या चौथ्यात तिची सात वर्षे गेली होती. भाड्याची गर्दी आणण्याची तिची ऐपत कधीच नव्हती. कॅमेरा रविवारी परत द्यायचा होता आणि त्यानंतर त्सांको दुसऱ्या कामासाठी ग्रीसला निघणार होता. शनिवार हुकला, की चित्रपट कायमचा अपुरा राहणार होता.

गावाला तिने सरळ विचारले नव्हते, असे नाही. वसंतात अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी ती दारोदार फिरली होती. परंतु पहिल्या चित्रपटासाठी तिने खानावळीच्या पडद्यामागे कॅमेरा लपवून याच माणसांना टिपले होते, आणि ते कोणीही विसरले नव्हते.

"बक्षीस तुला मिळालं आणि सगळ्या देशाने माझं फाटकं बनियन बघितलं," गेंचो खाटीक सुरा पुसत म्हणाला होता. "एकदा झालं तेवढं पुरे."

आई कारखान्यात गेली की रालित्सा लहानपणी जिच्याकडे राहत असे, त्या स्तोयना आजीने तर दारही उघडले नव्हते. ती आतूनच ओरडली, "केसांना फणीसुद्धा लावली नव्हती गं मी तेव्हा! जा, दुसरी म्हातारी शोध!"

म्हणून हे पत्रक. आमंत्रणाला नकार देणारे हे गाव अंत्यसंस्कार मात्र कधी चुकवत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी ती गावाच्या कडेला त्सांकोच्या गाडीत लपून बसली. दुकाने लवकर बंद झाली होती. वाचनालयाच्या सभागृहात दिवे लागले होते आणि आतून बायकांच्या रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मध्येच तो थांबे आणि पुन्हा सुरू होई.

"तुझ्यासाठी रडतायत," त्सांको म्हणाला. "लाज नाही वाटत?"

"वाटते." तिने गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "उद्या माईक शवपेटीच्या जवळ लाव."

शनिवारी सकाळी दफनभूमीतल्या अवजारांच्या खोलीत, अर्धवट उघड्या खिडकीमागे रालित्साने कॅमेरा सज्ज केला. बंद शवपेटीत वाळूच्या गोण्या होत्या. धर्मगुरू म्हणून त्सांकोचा नट असलेला मावसभाऊ दाढी डकवून उभा होता.

गाव आले. सगळेच्या सगळे आले. गेंचोच्या मिशांना पीळ होता आणि अंगात लग्नातला कोट होता. बायकांचे केस नुकतेच बसवलेले दिसत होते. "माझ्यासाठी एवढं नटून आलेत," रालित्सा पुटपुटली. आपला धर्मगुरू सोडून हा परका कोण, असे कोणीही विचारले नाही. बुटकी माणसे पुढे उभी राहिली, उंच मागे. खिडकी आणि शवपेटी यांच्यामधली वाट मोकळी राहिली.

"इतकी शहाणी गर्दी आयुष्यात पाहिली नाही," त्सांको कुजबुजला.

"दुःखाने माणूस शिस्तीत येतो. कॅमेऱ्याला धक्का लावू नकोस."

प्रार्थना निम्म्यावर आली आणि धर्मगुरूची दाढी एका कानाशी सुटली. रालित्साने श्वास रोखला. नेमका त्याच वेळी गेंचोला हुंदका अनावर झाला. रुमाल तोंडाशी धरून तो धर्मगुरूच्या पुढ्यात आला आणि त्याच्या रुंद पाठीआड दाढी पुन्हा जागेवर बसली.

"देव आहे," त्सांको पुटपुटला.

मग स्तोयना आजी पुढे झाली आणि तिने पेटीवर दोन्ही हात टाकले.

"ऊठ गं माझे बाई! काय ते तुझे कंटाळवाणे चित्रपट! एकातही शेवटपर्यंत जागी राहिले नाही मी! पण पडद्यावर तुझं नाव आलं ना, की खुर्चीतून उठून उभी राहायचे गं! मागचे लोक शिव्या द्यायचे, तरी उभी राहायचे!"

रालित्साला समोरचे दिसेनासे झाले. त्सांकोने तिला हलकेच बाजूला सारले आणि कॅमेऱ्याला स्वतः डोळा लावला. त्याच क्षणी ढग सरकला आणि सगळ्या चेहऱ्यांवर ऊन पडले. वाळूची पेटी खाली उतरली. मुठीमुठीने माती पडली.

"झालं," त्सांको म्हणाला. "सगळं आलं. बाई, तुझा चित्रपट पुरा झाला."

सात वर्षांनी ती मोकळा श्वास घेत होती. यापेक्षा मोठे काही आपल्या हातून यापुढे घडणार नाही, हे तिला कळले. आणि आता लपून राहणे शक्य नव्हते. दार उघडून ती उन्हात आली.

सारे गाव तिच्याकडे वळले.

"मी जिवंत आहे," रालित्सा म्हणाली. "तुम्हाला फसवलं. दुसऱ्यांदा फसवलं. काय हवी ती शिक्षा द्या."

कोणी किंचाळले नाही. स्तोयना आजी डोळे पुसत, काठी टेकत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. थप्पड बसणार, म्हणून रालित्साने मान खाली घातली.

"शिक्षा राहू दे, पुन्हा एकदा घे," आजी म्हणाली. "काल तालमीत मी याहून चांगली रडले होते."